‘प्रोसिजर तयार झाली’. पण हिशेब बरोबर आहे का?

बचत खात्यावरील व्याजापासून महिन्याच्या वीजबिलापर्यंत असंख्य हिशेब आज डेटाबेसमध्ये साठवून ठेवलेल्या छोट्या प्रोग्रॅमद्वारे होत असतात. ‘स्टोअर्ड प्रोसिजर’ या नावाने ओळखले जाणारे हे प्रोग्रॅम कसे तयार होतात, ते तयार होताना संगणक नेमके काय तपासतो आणि कोणती तपासणी माणसावर सोडून देतो, याचा हा मागोवा.

बचत खात्याच्या पासबुकात ठरावीक काळाने एक छोटीशी नोंद उमटते, ‘व्याज जमा’. रक्कम बहुधा किरकोळ असते. ती कशी आली, याची आकडेमोड खातेदार सहसा करीत नाही आणि बँकेतील कारकुनालाही आता ती करावी लागत नाही. एके काळी जाडजूड खतावण्या उघडून, शाईने आकडे मांडून जे काम दिवसचे दिवस चाले, ते आता शाखेचे दरवाजे बंद झाल्यावर सर्व्हरवर परस्पर उरकते. सकाळी शाखा उघडते तेव्हा लाखो खात्यांवर व्याज जमा झालेले असते.

या सोयीची एक दुसरी बाजू आहे. खतावणीत चूक झाली तर ती एका पानावर असे. प्रोग्रॅममध्ये चूक झाली तर ती एकाच रात्रीत सर्व खात्यांवर पसरते, आणि तीही कोणतीही धोक्याची घंटा न वाजवता. म्हणूनच हा प्रोग्रॅम लिहिणे जितके महत्त्वाचे, तितकेच तो पारखून घेणेही महत्त्वाचे ठरते.

एका नियमाचा बदल

बचत खात्यावरील व्याजाच्या नियमात झालेला एक बदल या संदर्भात मुद्दाम पाहण्यासारखा आहे. ३१ मार्च २०१० पर्यंत भारतातील बँका बचत खात्यावरील व्याज दर महिन्याच्या १० तारखेपासून महिनाअखेरपर्यंत खात्यात असलेल्या किमान शिलकीवर देत असत. ‘१० तारखेच्या आत पैसे भरा’ हा घरातील वडीलधाऱ्यांचा सल्ला याच नियमातून आलेला होता. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशानुसार १ एप्रिल २०१० पासून हे व्याज दररोजच्या शिलकीवर काढले जाऊ लागले. त्या वेळी बचत खात्याचा दर साडेतीन टक्के होता. पुढे २५ ऑक्टोबर २०११ पासून हा दर ठरविण्याची मुभा बँकांना मिळाली.

या बदलाचा परिणाम एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, ३० दिवसांच्या एका महिन्यात १ तारखेला खात्यात पैसे भरून शिल्लक ५० हजार रुपये झाली. २५ तारखेला मुलाच्या फीसाठी ४५ हजार रुपये काढले आणि ५ हजार उरले. जुन्या नियमाप्रमाणे किमान शिल्लक ५ हजार, म्हणून महिन्याचे व्याज १४ रुपये ५८ पैसे. नव्या नियमाप्रमाणे २४ दिवस ५० हजार आणि ६ दिवस ५ हजार, म्हणजे रोजच्या शिलकींची बेरीज १२ लाख ३० हजार. त्यावर साडेतीन टक्के दराने, वर्षाचे ३६५ दिवस धरून, व्याज होते ११७ रुपये ९५ पैसे. पैसे तेच, खातेदार तोच. बदलला तो केवळ हिशेबाचा नियम.

आता प्रश्न असा, की हा नियम संगणकात नेमका कोठे लिहिलेला असतो? अनेक प्रणालींमध्ये त्याचे उत्तर आहे, डेटाबेसमध्ये साठवलेल्या एखाद्या प्रोसिजरमध्ये.

तक्ते आणि साठवलेली कृती

रिलेशनल डेटाबेस म्हणजे परस्परांशी नाते असलेल्या तक्त्यांचा संग्रह. खातेदारांचा एक तक्ता, खात्यांचा दुसरा, व्यवहारांचा तिसरा. प्रत्येक तक्त्यात रकाने असतात आणि ओळी असतात. खाते क्रमांकासारख्या समान रकान्यामुळे एका तक्त्यातील ओळ दुसऱ्या तक्त्यातील ओळीशी जोडता येते. ही कल्पना आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत काम करणारे एडगर कॉड यांनी १९७० मध्ये एका शोधनिबंधात मांडली. त्याच संस्थेतील डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉईस यांनी १९७४ मध्ये अशा तक्त्यांशी संवाद साधणारी ‘सीक्वेल’ ही भाषा सुचविली. आज सर्वत्र वापरली जाणारी एसक्यूएल ती हीच.

मूळ एसक्यूएल ही आज्ञांची भाषा आहे. ‘अमुक ओळी दाखव’, ‘तमुक रक्कम बदल’ अशी एकेक आज्ञा द्यायची आणि उत्तर घ्यायचे. व्याज काढण्यासारख्या कामात मात्र अशा अनेक आज्ञा क्रमाने द्याव्या लागतात आणि मध्येच ‘असे असेल तर हे, नाही तर ते’ असे निर्णयही घ्यावे लागतात. प्रत्येक आज्ञेसाठी शाखेतील संगणकाने मुख्य सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायचे, तर वेळ जाणारच. त्यापेक्षा सगळी कृती एकदाच लिहून, नाव देऊन डेटाबेसमध्येच ठेवली आणि बाहेरून फक्त त्या नावाने हाक मारली, तर काम सोपे होते. ही साठवलेली कृती म्हणजेच स्टोअर्ड प्रोसिजर.

सायबेस या कंपनीच्या १९८७ मध्ये बाजारात आलेल्या डेटाबेसमुळे ही सोय व्यापारी जगात रुजली. त्याच घराण्यातील मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर १९८९ मध्ये आला. ओरॅकलने १९९२ मधील सातव्या आवृत्तीत ती आणली. एसक्यूएलच्या आंतरराष्ट्रीय मानकात तिला १९९६ मध्ये स्थान मिळाले. मोफत उपलब्ध असलेल्या मायएसक्यूएलमध्ये ती ऑक्टोबर २००५ च्या पाचव्या आवृत्तीपासून आहे, तर पोस्टग्रेसमध्ये पूर्वीपासून फंक्शनच्या रूपाने चालणाऱ्या या कामाला २०१८ मधील अकराव्या आवृत्तीत प्रोसिजर म्हणून स्वतंत्र आज्ञा मिळाली.

प्रोसिजरचा दुसरा मोठा फायदा नियमाच्या एकवाक्यतेचा. व्याजाचा नियम शाखेच्या संगणकात, एटीएममध्ये आणि इंटरनेट बँकिंगच्या प्रोग्रॅममध्ये असा तीन ठिकाणी लिहिला, तर २०१० सारख्या बदलाच्या वेळी तो तिन्ही ठिकाणी बदलावा लागतो. एक जागा राहून गेली की घोळ झालाच. तोच नियम एका प्रोसिजरमध्ये असला तर बदल एकाच जागी होतो. तिसरा फायदा सुरक्षेचा. कर्मचाऱ्याला शिलकीच्या तक्त्याला हात लावण्याचा अधिकार न देता केवळ प्रोसिजर चालविण्याचा अधिकार देता येतो. तिजोरीची किल्ली न देता खिडकीवरून व्यवहार करण्यासारखेच हे आहे.

प्रोसिजर घडते कशी?

प्रोसिजर तयार करण्याची आज्ञा ‘क्रिएट प्रोसिजर’ या शब्दांनी सुरू होते. त्यानंतर तिचे नाव येते. मग बाहेरून कोणती माहिती घ्यायची, हे सांगायचे असते. व्याजाच्या प्रोसिजरला महिना आणि व्याजाचा दर एवढे पुरेसे आहे. प्रत्येक माहितीचा प्रकारही सांगावा लागतो, म्हणजे तारीख आहे, पूर्णांक आहे की दशांश रक्कम आहे. त्यानंतर प्रत्यक्ष कृती येते. खात्यांच्या ओळी एकामागून एक घ्या, प्रत्येक दिवसअखेरची शिल्लक काढा, तिची बेरीज करा, व्याज काढा, ते खात्यावर जमा करा आणि बँकेच्या व्याजखर्चाच्या खात्यावर नावे टाका.

शेवटच्या दोन पायऱ्या एकत्र होणे आवश्यक असते. खातेदाराकडे जमा झाले आणि तेवढ्यात वीज गेली, तर बँकेची खतावणी जुळणार नाही. यासाठी दोन्ही नोंदी एका ‘ट्रान्झॅक्शन’मध्ये बांधतात. सर्व काही सुरळीत झाले तर ‘कमिट’ म्हणून शिक्कामोर्तब करायचे, आणि कोठेही अडले तर ‘रोलबॅक’ म्हणून सारे पूर्वस्थितीला न्यायचे. मध्येच काही बिघडले तर काय करायचे, हे सांगणारा भागही प्रोसिजरमध्ये लिहावा लागतो. घाईत लिहिलेल्या प्रोसिजरमध्ये नेमका हाच भाग गाळलेला आढळतो. त्याहून वाईट म्हणजे, तो भाग असतो पण त्यात ‘चूक झाली तर काहीही करू नका आणि पुढे चला’ असे लिहिलेले असते. अशी प्रोसिजर कधीच तक्रार करीत नाही, आणि म्हणूनच तिच्यावर विश्वास ठेवता येत नाही.

सर्व लिहून आज्ञा दिली की डेटाबेस उत्तर देतो, प्रोसिजर तयार झाली. नवख्या प्रोग्रॅमरला येथे काम संपल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात हे उत्तर काय सांगते, हे डेटाबेसागणिक वेगळे आहे.

तयार होताना काय तपासले जाते?

पहिली तपासणी व्याकरणाची. कंस उघडला पण मिटला नाही, शब्द चुकला, वाक्य अपुरे राहिले, तर बहुतेक सर्व डेटाबेस ते लगेच दाखवून देतात. दुसरी तपासणी नावांची. प्रोसिजरमध्ये ज्या तक्त्याचा आणि रकान्याचा उल्लेख आहे, तो खरोखर अस्तित्वात आहे का? येथे मात्र प्रत्येकाची रीत निराळी.

मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये उल्लेख केलेला तक्ताच अस्तित्वात नसेल, तरीही प्रोसिजर तयार होते. तक्ता नंतर तयार केला जाईल, असे गृहीत धरून नावांची ओळख पटविणे पुढे ढकलले जाते. तक्ता अस्तित्वात असून रकान्याचे नाव चुकले असेल, तर मात्र तो तेथेच अडवतो. म्हणजे तक्त्याच्या नावात एका अक्षराची चूक झाली, तर ती मोठी असूनही सुटते आणि रकान्यातील लहान चूक पकडली जाते. ही विसंगती माहीत नसलेला प्रोग्रॅमर सहज फसतो. मायएसक्यूएलमध्येही तयार करताना तक्ता अस्तित्वात आहे की नाही, हे पाहिले जात नाही. चूक कळते ती प्रोसिजर चालविल्यावरच.

पोस्टग्रेसच्या पीएल-पीजीएसक्यूएल या भाषेत लिहिलेल्या प्रोसिजरच्या बाबतीत तयार करताना केवळ व्याकरण पाहिले जाते. नावे तपासायची तर त्यासाठी ‘पीएलपीजीएसक्यूएल चेक’ हे वेगळे साधन बसवावे लागते. साध्या एसक्यूएलमध्ये लिहिलेल्या प्रोसिजरसाठी २०२१ मधील चौदाव्या आवृत्तीत नवी मांडणी आली. तिच्यात नावे तयार होतानाच तपासली जातात आणि कोणती प्रोसिजर कोणत्या तक्त्यावर विसंबून आहे, याचीही नोंद राहते.

ओरॅकलची तऱ्हा आणखी वेगळी. तो नावेही तपासतो आणि व्याकरणही. मात्र चूक सापडली तरी प्रोसिजर साठवून ठेवतो आणि तिच्यावर ‘इनव्हॅलिड’ म्हणजे ग्राह्य नसलेली, असा शिक्का मारतो. सोबत ‘प्रोसिजर तयार झाली, पण संकलनात चुका आहेत’ अशा अर्थाची सूचना येते. घाईत वाचणाऱ्याच्या नजरेत पूर्वार्धच भरतो. जुन्या प्रोसिजरच्या जागी नवी बसविताना असे झाले, तर कालपर्यंत नीट चालणारी प्रोसिजर गेलेली असते आणि तिच्या जागी न चालणारी आलेली असते. व्याजाच्या रात्रीच हे लक्षात येणे कोणालाही परवडणारे नाही.

प्रोसिजर एकदा ग्राह्य ठरली म्हणजे कायमची ग्राह्य राहते, असेही नाही. ती ज्या तक्त्यावर विसंबून आहे, त्यात बदल झाला तर ओरॅकल तिला पुन्हा ‘इनव्हॅलिड’ ठरवितो आणि पुढच्या वेळी हाक आली की आपण होऊन पुन्हा तपासून पाहतो. २००७ मधील अकराव्या आवृत्तीपासून ही नोंद अधिक बारकाईने ठेवली जाते, त्यामुळे ज्या रकान्याशी प्रोसिजरचा संबंधच नाही, तो बदलल्यास तिला धक्का लागत नाही. एसक्यूएल सर्व्हरमध्येही कोण कोणावर विसंबून आहे, याची यादी डेटाबेसकडून मागविता येते. तक्त्यात बदल करण्यापूर्वी ही यादी पाहणे, ही पडताळणीची पहिली शिस्त म्हणावी लागेल.

न दिसणारी चूक

व्याकरण बरोबर, सर्व नावे बरोबर, शिक्का ‘व्हॅलिड’. एवढे झाल्यावरही हिशेब चुकू शकतो. वर दिलेल्या उदाहरणातील खातेदाराकडे पुन्हा वळू.

त्या महिन्यात त्याने दोनच व्यवहार केले, १ तारखेला पैसे भरले आणि २५ तारखेला काढले. साहजिकच व्यवहारांच्या तक्त्यात त्याच्या दोनच ओळी आहेत, पहिलीत शिल्लक ५० हजार आणि दुसरीत ५ हजार. प्रोग्रॅमरने प्रोसिजर लिहिताना ‘त्या महिन्यातील शिलकींची बेरीज करा’ असे लिहिले, तर डेटाबेस या दोन ओळींची बेरीज करील, ५५ हजार. त्यावर एका दिवसाचे व्याज निघेल ५ रुपये २७ पैसे. खातेदाराला मिळायला हवे होते ११७ रुपये ९५ पैसे.

चूक कोठे झाली? ज्या दिवशी व्यवहार झाला नाही, त्या दिवसाची ओळच तक्त्यात नाही. पण शिल्लक तर होती. कारकुनाने हाताने हिशेब केला असता, तर आदल्या दिवसाची शिल्लक त्याने न सांगता पुढे ओढली असती. संगणक न सांगता काहीच करीत नाही. त्याच्या दृष्टीने आज्ञा पाळली गेली, एकही अडथळा आला नाही आणि प्रोसिजर यशस्वीरीत्या पूर्ण झाली. पासबुकातील ५ रुपये २७ पैशांकडे पाहून फार थोडे खातेदार शाखेत चौकशीला जातील.

‘नल’ नावाचे एक प्रकरणही असेच फसवे आहे. रकान्यात काहीच भरलेले नसेल, तर डेटाबेस त्याला शून्य मानीत नाही, ‘माहीत नाही’ असे मानतो. ज्ञात रकमेत अज्ञात रक्कम मिळविली की उत्तरही अज्ञातच येते. मात्र एका रकान्यातील ओळींची बेरीज करताना हेच ‘नल’ गुपचूप वगळले जातात. दोन्ही नियम आपापल्या जागी सुसंगत आहेत. ते विसरले की शिल्लक मधूनच नाहीशी होते.

५० रुपयांच्या खात्याचे काय?

पैशांच्या हिशेबात पूर्णांकन हा सर्वांत नाजूक विषय. साडेतीन टक्के दराने वर्षभर १ हजार रुपये खात्यात राहिले, तर व्याज ३५ रुपये. रोजचे व्याज साधारण साडेनऊ पैसे होते. प्रोसिजरने ते रोजच्या रोज जवळच्या पैशात बसविले, तर दररोज १० पैसे धरले जातील आणि वर्षाचे व्याज होईल ३६ रुपये ५० पैसे. दीड रुपयाचा फरक. अशी १० लाख खाती असली, तर वर्षाला १५ लाख रुपये बँकेच्या पदरचे जातील.

याच प्रोसिजरने ५० रुपये शिल्लक असलेल्या खात्याचे काय होईल? त्याचे रोजचे व्याज अर्ध्या पैशाहूनही किंचित कमी. रोज पूर्णांकन केले तर ते दररोज शून्य होते. वर्षाअखेरीस त्या खातेदाराला मिळायचा पावणेदोन रुपया तसाच राहून जातो. एकाच ओळीतील चूक एकाला जास्त देते आणि दुसऱ्याला काहीच देत नाही. म्हणून पूर्णांकन कोणत्या टप्प्यावर करायचे, हे प्रोग्रॅमरच्या मर्जीवर न सोडता लेखी नियमात असावे लागते. रकमेसाठी दशांश प्रकारच वापरावा, शास्त्रीय गणनेसाठी असलेला तरंगत्या दशांशचिन्हाचा प्रकार वापरू नये, हाही त्याचाच भाग. त्या प्रकारात एक दशांशासारखी साधी संख्याही अचूक साठविता येत नाही.

आडनावातील एक चिन्ह

वसईत आणि गोव्यात सर्रास आढळणारे डी’सोझा हे आडनाव अनेक जण इंग्रजीत ‘डी’ या अक्षरानंतर वर एक छोटी खूण घालून लिहितात. एसक्यूएलमध्ये हीच खूण मजकूर कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो, हे दाखविण्यासाठी वापरली जाते. खातेदाराच्या नावावरून शोध घेणारी प्रोसिजर नाव थेट आज्ञेच्या मजकुरात चिकटवीत असेल, तर डी’सोझांचे नाव टाकताच मजकूर मध्येच संपतो आणि शोध कोलमडतो. जोशी आणि पाटील यांच्या नावांनी चाचणी घेतलेली असते, त्यामुळे ही चूक चाचणीत दिसतच नाही.

प्रश्न एका आडनावापुरता राहत नाही. नावाच्या जागी मजकूर संपविणारी खूण आणि तिच्यामागे स्वतःची आज्ञा टाकली, तर डेटाबेस ती आज्ञाही पाळतो. या हल्ल्याला ‘एसक्यूएल इंजेक्शन’ म्हणतात. अमेरिकेतील हार्टलँड पेमेंट सिस्टीम्स या कंपनीच्या यंत्रणेत याच मार्गाने शिरकाव झाल्याचे २००९ मधील आरोपपत्रातून पुढे आले. त्या प्रकरणात सुमारे १३ कोटी कार्ड क्रमांकांच्या चोरीचा आरोप होता आणि सूत्रधार अल्बर्ट गोन्झालेझ याला २०१० मध्ये २० वर्षांची शिक्षा झाली.

प्रोसिजर वापरली की हा धोका आपोआप टळतो, असा एक समज आहे. तो अर्धाच खरा. बाहेरून आलेले नाव माहिती म्हणून स्वतंत्रपणे दिले, तर डेटाबेस त्याला आज्ञा मानीत नाही. प्रोसिजरच्या आतच मजकूर जोडून आज्ञा तयार केली आणि चालविली, तर दार पुन्हा उघडेच राहते. शिवाय अशी आज्ञा चालतेवेळी जन्माला येत असल्याने प्रोसिजर तयार करताना डेटाबेसला ती तपासताही येत नाही.

प्रोसिजर कोणाच्या अधिकाराने चालते, हेही पाहावे लागते. ओरॅकल आणि मायएसक्यूएलमध्ये वेगळे काही सांगितले नाही, तर ती तयार करणाऱ्याच्या अधिकाराने चालते. पोस्टग्रेसमध्ये ती हाक मारणाऱ्याच्या अधिकाराने चालते. एका डेटाबेसवरून दुसऱ्यावर जाताना हा फरक नजरेआड झाला, तर ज्याला काम करता यायला हवे तो अडतो किंवा ज्याला अडवायला हवे तो आत शिरतो.

पडताळणीची रीत

मग प्रोसिजर पारखायची कशी? अनुभवी मंडळी काही गोष्टींचा आग्रह धरतात.

पहिली गोष्ट, उत्तर आधी आणि प्रोसिजर नंतर. निवडक खात्यांचे व्याज कागदावर काढून ठेवायचे आणि मग प्रोसिजरचे उत्तर त्याच्याशी ताडून पाहायचे. प्रोसिजरचे उत्तर पाहून ‘बरोबर दिसते’ असे म्हणणे म्हणजे पडताळणी नव्हे. ही हाताने काढलेली उत्तरेही शक्यतो प्रोसिजर लिहिणाऱ्याने काढू नयेत. त्याच्या डोक्यातील गैरसमज दोन्हीकडे सारखाच उतरण्याची भीती असते.

दुसरी गोष्ट, कडेची उदाहरणे. २८, २९, ३० आणि ३१ दिवसांचे महिने, लीप वर्ष, महिन्याच्या मध्यावर उघडलेले खाते, मध्यावर बंद झालेले खाते, एकही व्यवहार नसलेला महिना, शून्य शिल्लक, ५० रुपयांची शिल्लक आणि अर्थातच डी’सोझांचे खाते. चुका बहुधा अशाच कोपऱ्यांत दडलेल्या असतात.

तिसरी गोष्ट, जुन्या आणि नव्या पद्धतीचा एकत्रित हिशेब. खऱ्या माहितीच्या प्रतीवर, नावे आणि क्रमांक झाकून, दोन्ही प्रोसिजर चालवायच्या आणि प्रत्येक फरकाचे कारण शोधायचे. येथे अंदाजावर विसंबून चालत नाही. नव्या नियमाने खातेदाराला नेहमी जास्तच मिळणार, असे २०१० च्या बदलाबाबत कोणालाही वाटू शकते. पण महिन्याच्या सुरुवातीला शून्य शिल्लक असलेल्या खात्यात ९ तारखेला ५० हजार रुपये भरले आणि ते महिनाअखेरपर्यंत तसेच ठेवले, तर जुन्या नियमाने पूर्ण महिन्याचे १४५ रुपये ८३ पैसे मिळत. नव्या नियमाने २२ दिवसांचे १०५ रुपये ४८ पैसेच मिळतात. येथे कमी आलेली रक्कम बरोबर आहे. नियम पूर्ण समजून न घेता चाचणी लिहिली, तर चाचणीच चुकते आणि बरोबर प्रोसिजर ‘दुरुस्त’ करून बिघडविली जाते.

चौथी गोष्ट, मुद्दाम घातलेला अडथळा. निम्मी खाती झाल्यावर काम थांबवायचे आणि प्रोसिजर पुन्हा चालवायची. पहिल्या निम्म्या खात्यांवर व्याज दोनदा जमा झाले, तर प्रोसिजर नापास. रात्री दोन वाजता काम बंद पडल्यावर पाळीवरील कर्मचारी ते पुन्हा सुरू करणार, हे उघड आहे. म्हणून व्याजाच्या तक्त्यात एका खात्याची एका महिन्याची एकच ओळ असू शकेल, असे बंधन डेटाबेसमध्येच घालून ठेवतात. प्रोसिजर चुकली तरी बंधन चुकत नाही.

पाचवी गोष्ट, एकूण बेरीज. सर्व खात्यांवर जमा झालेली रक्कम आणि व्याजखर्चाच्या खात्यावर नावे पडलेली रक्कम पैशापर्यंत जुळली पाहिजे. हा जमाखर्चाचा शेकडो वर्षांचा नियम आहे आणि संगणक आला म्हणून तो जुना झालेला नाही. मात्र बेरीज जुळली म्हणजे प्रत्येक खाते बरोबर आहे, असा अर्थ निघत नाही. ५ रुपये २७ पैसे दोन्ही बाजूंना पडले, तर बेरीज जुळेलच.

या सर्व चाचण्या एकदा करून सोडून देण्याच्या नसतात. त्या लिहून ठेवल्या, तर प्रत्येक बदलानंतर आपोआप चालविता येतात. ओरॅकलसाठी ‘यूटीपीएलएसक्यूएल’, एसक्यूएल सर्व्हरसाठी ‘टीएसक्यूएलटी’, तर पोस्टग्रेससाठी ‘पीजीटॅप’ ही मुक्त साधने त्यासाठी उपलब्ध आहेत. प्रोसिजरचा मूळ मजकूरही केवळ डेटाबेसमध्ये न ठेवता तारीखवार नोंदींसह वेगळा जपावा लागतो. तसे केले नाही, तर मागील महिन्यात नियम नेमका कसा लिहिला होता, याचे उत्तर लेखापरीक्षकाला कोणीच देऊ शकत नाही.

प्रोसिजर नकोतच, असे म्हणणाराही एक मोठा वर्ग आहे. प्रत्येक डेटाबेसची बोली निराळी असल्याने एकाच्या भाषेत लिहिलेल्या हजारो प्रोसिजर दुसरीकडे नेणे अवघड जाते आणि ग्राहक एकाच कंपनीशी बांधला जातो, हा त्यांचा आक्षेप. त्यात तथ्य आहे. तथापि, हिशेबाचा नियम डेटाबेसमधून काढून बाहेरच्या प्रोग्रॅममध्ये नेला, तरी पूर्णांकन, हरवलेले दिवस आणि दोनदा जमा होणारे व्याज हे प्रश्न त्याच्याबरोबर तेथेही जातात. जागा बदलली म्हणून पडताळणीतून सुटका होत नाही.

‘प्रोसिजर तयार झाली’ या संदेशाचा अर्थ इतकाच, की संगणकाला आज्ञा समजली. आज्ञाच बरोबर होती का, हे त्याला ठाऊक नसते. ते माणसानेच, शक्यतो व्याजाच्या रात्रीपूर्वी, तपासून घ्यायचे असते. आणि एखाद्या खातेदाराला शंका आलीच, तर महिन्याभराचे पासबुक, एक कॅल्क्युलेटर आणि दहा मिनिटे एवढे साहित्य त्याला पुरते. प्रत्येक दिवसअखेरची शिल्लक मांडायची, व्यवहार नसलेले दिवस विसरायचे नाहीत, बेरजेला दराने गुणून ३६५ ने भागायचे. उत्तर पासबुकातील ओळीशी जुळले तर उत्तम. त्यात मोठी तफावत दिसली, तर शाखेत जाऊन विचारण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे.